बाटलीतला कापूस

कणकेचा दिवा वाळून कडक झाला होता आणि काठापासून तळापर्यंत त्याला एक बारीक भेग गेली होती... वात जिथे टेकवली होती तिथे काळा ठिपका, खाली तुपाचा पिवळट डाग, आणि भेगेतून आत-बाहेर करणाऱ्या दोन मुंग्या. कस्तुराबाई ओट्याशी उभी राहून कितीतरी वेळ त्या मुंग्यांकडेच बघत होती. दिवा खिडकीत ठेवल्याला आज बारा दिवस झाले. गावी, निपाणीला असता तर त्याच दिवशी गाईच्या तोंडात गेला असता. बेंबीवर लावलेला दिवा घरात ठेवायचा नाही, केरातही टाकायचा नाही, ही तिच्या सासूने घालून दिलेली रीत. पण यशवंतपूरच्या या गल्लीत गाय कुठली? एक आहे, ती घाऊक बाजाराच्या भिंतीशी कोबीची पानं खात उभी असते, आणि तिथवर पोचायचं तर कांद्याच्या ट्रकांचा रस्ता ओलांडायचा. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता दिवा राहून गेला, आणि नंतर तर त्याला हात लावायचीच तिला भीती वाटायला लागली.

आतल्या खोलीत शिवलीला झोपली होती. रात्रभर इस्पितळात नवऱ्याच्या, दयाच्या खाटेशी बसून सून सकाळी आठला घरी आली, हातपाय धुतले, उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले आणि सांगितलं की ऑपरेशन उद्या सकाळी ठरलंय. रक्ताच्या चार बाटल्यांची सोय झालीय, दोन तिच्या कारखान्यातल्या मुली देणार, दोन दयाच्या दुकानातली माणसं. धारवाडला लेकाला, आशयला, अजून कळवलेलं नाही, त्याची परीक्षा चालू आहे. मग "आत्या, तुम्ही चारला जावा, मी सहाला येते," एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. यापेक्षा जास्त ती गेल्या नऊ दिवसांत बोललेली नाही. कारखान्यात दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवणारी ही मुलगी एरवी घरी आली की बडबड करून डोकं उठवायची. आता मला ती बडबड हवी आहे, आणि ती नाही.

बोलत नाही, पण बघते. त्या दिवशी इस्पितळात पोटाचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. काळजापासून खाली पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी, आणि बेंबीच्या जरा डावीकडे तिला आलेला फुगा, सायकलची जुनी ट्यूब एका जागी फुगते तसा. तिच्या भिंतीत जंतूंनी घर केलंय, भिंत पातळ होत चाललीय, कधीही फुटेल, म्हणून खाटेवरून उठायचं नाही, जोरात खोकायचं नाही. आणि मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं की पोटाला कोणी मालीश वगैरे केली होती का. शिवलीलाने माझ्या हातांकडे बघितलं.

हे हात. निपाणीत पन्नास वर्षं लोकांनी या हातांखाली पोटं उघडी टाकली. शाळेतल्या बाई आल्या, पतपेढीतले साहेब आले, डॉक्टरांची स्वतःची मेहुणी तोंडावर पदर घेऊन आली. सकाळी अनशापोटी यायचं, उताणं झोपायचं. कस्तुराबाई पाच बोटं जुळवून बेंबीत टेकवायची आणि डोळे मिटायची. ठोका बरोबर बोटाखाली लागला तर "ऊठ, तुला काही झालेलं नाही, जेवण कमी कर." ठोका बाजूला लागला तर बेंबी सरकली. मग कणकेचा दिवा, तुपाची वात, वात पेटली की वरून पितळी तांब्या पालथा. आत ज्योत विझायची, तांब्या पोटाला घट्ट धरायचा, कातडी आत ओढून घ्यायचा, आणि थोड्या वेळाने फस्स करून आपणच सुटायचा. वर गूळ-खोबऱ्याचा खडा. बदल्यात कपभर चहासुद्धा घ्यायचा नाही, नाहीतर हाताचा गुण जातो. तिने कधी घेतला नाही. तोंडाची फटकळ म्हणून गावभर नाव असलं तरी हाताला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी दया दुकानातून लवकर घरी आला. चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात वीस वर्षं गादीवर बसून साड्या उलगडणारा माणूस, मनगटाच्या एका झटक्यात सहावारी पसरवणारा, पण त्या दिवशी पाठीला हात लावून आला. आधी चार दिवस ताप आणि जुलाब झाले होते, गोळ्या घेऊन थांबले होते. म्हणाला, "आई, पोटात काहीतरी उडतंय बघ." त्याच्या बोलण्यात लहानपणचा हट्ट होता, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. या शहरात आल्यापासून कोणाला माझ्या हाताची गरज पडली नव्हती. इथे मेट्रोत टोकन कसं टाकायचं, गिझर कसा बंद करायचा, सगळं मीच यांच्याकडून शिकायचं... आणि आज माझा मुलगा माझ्यापुढे पोट उघडं टाकून झोपला होता.

बोटं टेकवली आणि ती चमकली. ठोका डावीकडे होता... पण ते नव्हे. ठोका म्हणजे दोरा. बारीक दोरा बोटाखाली तुटक-तुटक ओढावा तसा. हा दोरा नव्हता. हे काहीतरी लिंबाएवढं, तीन बोटं रुंद होतं आणि दर ठोक्याला तिच्या पाचही बोटांना वर ढकलत होतं. पन्नास वर्षांत असं कधी लागलं नव्हतं. तिला वाटलं, असेल, वारं धरलं असेल, मुलगा आहे म्हणून मन खातंय. आणि तिने दिवा लावला. तांब्या सुटला तेव्हा पोटावर तांबडं वर्तुळ उमटलं होतं आणि दया म्हणाला, "हलकं वाटलं गं." खरंच वाटलं का आईला बरं वाटावं म्हणून म्हणाला, देव जाणे. आठ दिवसांनी पुन्हा. या वेळी चार बोटं. तिने पुन्हा दिवा लावला, हाच, जो आता खिडकीत आहे. तिसऱ्या दिवशी त्याला कापरं भरलं आणि शिवलीलाने रिक्षात घालून त्याला इस्पितळात नेलं.

म्हणजे पहिल्यांदा हात लावला तेव्हाच मला कळलं होतं की हे नेहमीचं नाही. कळलं होतं, आणि मी तांब्या पालथा घातला.

तिने दिव्याकडे पाठ केली आणि फळीवरची कापसाची गुंडाळी काढली. संध्याकाळच्या दिव्यासाठी वाती नव्हत्या. भिंतीला टेकून, पाय पसरून ती वाती वळायला लागली. तळहातावर राख, बोटात कापूस. ही गुंडाळी तिने येताना निपाणीहून आणली होती. मार्गशीर्षात दयाचे वडील, आप्पाजी, गेले, तेरावा झाला आणि दया म्हणाला, "आता एकटी राहायचं नाही." चांगला मुलगा आहे. दीड खोलीच्या घरात आईला घेऊन आला, स्वतः बायकोसह आतल्या अर्ध्या खोलीत, आई बाहेर, मध्ये दार नाही, पडदा. आणि आल्यावर पहिल्याच आठवड्यात, ही गुंडाळी ठेवायला ती स्टुलावर चढून वरचं कपाट आवरत होती, तेव्हा जुन्या स्वेटरांच्या मागे तिला ती बाटली सापडली होती. पांढरी, प्लास्टिकची, रुंद झाकणाची. वरचा कागद नखाने खरवडून काढलेला.

कागद काढला म्हणून काय झालं. ती बाटली तिने ओळखली. तिच्या भावाचा मुलगा गिरीराज, शाळेची व्हॅन चालवतो, त्याच्या घरी फ्रीजवर अशीच बाटली उघडी असते. सात वर्षं झाली. एचआयव्ही. तिने तो शब्द मनात तेव्हाही पूर्ण उच्चारला होता, स्टुलावर उभी असताना, आणि स्टूल हललं म्हणून कपाटाला धरलं होतं. पण मग तिला गिरीराजच आठवला. रोज रात्री जेवण झालं की त्याची आई पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवते, तो गोळी टाकतो आणि झोपतो. दोन पोरं झाली, दोन्ही निरोगी. व्हॅन चालवतो, भांडतो, लग्नात नाचतो. गोळी चालू आहे तोवर काही होत नाही, सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी सगळ्या घराला बसवून सांगितलं होतं. कुठून आलं, कसं आलं, शिवलीलाला ठाऊक आहे का... आहे, हे तिला दोन दिवसांतच दिसलं, नऊ वाजले की सूनबाई घड्याळाकडे आणि मग नवऱ्याकडे बघायची. म्हणजे फक्त माझ्यापासून लपवायचं होतं. कस्तुराबाईने बाटली जिथे होती तिथे, झाकण ज्या बाजूला होतं त्याच बाजूला करून ठेवली. त्याला सांगायचं तेव्हा सांगेल. पोराची लाज आपण कशाला उघडी करायची?

तेव्हापासून ती नऊ वाजता कान देऊन पडायची. "आई, गेटाची कडी घातली का बघ गं," असं म्हणून तो तिला बाहेर पाठवायचा. ती मुकाट जायची, मुद्दाम सावकाश, आणि परत येताना पडद्याआडून खळखळ ऐकू यायची. बाटलीतल्या गोळ्यांची. की तिला निर्धास्त झोप. असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका रात्री खळखळ आली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. कडी घालायलाही पाठवणं थांबलं. तिला क्षणभर कोडं पडलं आणि लगेच उलगडलं. गिरीराजही लग्नाकार्याला बसने जाताना बाटलीत कापूस दाबून भरतो, गोळ्या वाजू नयेत म्हणून! पोरगा हुशार आहे, तिला हसू आलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी तिने काय केलं, तर ही कापसाची गुंडाळी वरच्या कपाटातून काढून खालच्या फळीवर, त्याच्या हाताला लागेल अशी आणून ठेवली. तोंडाने न बोलता जेवढं करता येईल तेवढं केलं. आपण किती शहाण्या, असंही वाटलं तेव्हा.

वाती झाल्या. एकवीस. तिने गुंडाळी परत फळीवर ठेवली.

गोळीचं तर सगळं व्यवस्थित चालू होतं. म्हणूनच तर... नऊ दिवस ती हाच हिशोब घालत होती. त्या आजाराने हे झालेलं नाही, गोळी चालू होती. शिळंपाकं त्याने खाल्लेलं नाही. मग पोटातली वाहिनी फुगली कशाने? एकाच गोष्टीने. दोनदा पालथ्या घातलेल्या तांब्याने. आज डॉक्टरीणबाईंना सांगून टाकायचं. ओरडतील, ओरडू देत. उद्या पोट उघडण्याआधी त्यांना ठाऊक तर असेल की कोणी काय केलंय.

तीन वाजता तिने मऊ भात केला, पाणी उकळून, गाळून, स्टीलच्या बाटलीत भरलं. इस्पितळातलं पाणी त्याला द्यायचं नव्हतं. बाटली, डबा आणि रिकामा थर्मास पिशवीत घालून ती निघाली. शिवलीला अजून भिंतीकडे तोंड करूनच होती, झोपेत तिचा हात कॉलर धरल्यासारखा मिटलेला. मेट्रोत आज तिला बसायला जागा मिळाली. समोर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती आणि लेकरू तिच्या पोटावर डोकं घासत होतं. कस्तुराबाईने नजर फिरवली. आपले हात पिशवीखाली घातले. चिकपेट आलं, दार उघडलं, कापडाची गाठोडी घेतलेली माणसं आत घुसली, दार मिटलं. याच स्टेशनवर तो वीस वर्षं... नाही, मेट्रो आत्ता आली, आधी बसने जायचा. तो कसा जायचा, काय खायचा, कोणाशी बोलायचा, मला काय ठाऊक? मी निपाणीत होते. दिवाळीला दोन दिवस येणारा मुलगा तेवढा मला ठाऊक.

इस्पितळातल्या दालनात दयाची खाट अगदी कडेला, भिंतीशी. भोवती हिरवा पडदा. तो उताणा पडला होता. उजव्या मनगटात सुई, ज्या मनगटाने साड्या उडायच्या त्याच. चेहरा बारीक झालेला, नाक मोठं दिसायला लागलेलं. त्याने विचारलं, "जेवलीस काय?" आणि तिने विचारलं, "दुखतंय काय?" दोघंही "व्हय" म्हणाले. तिने त्याला चार घास भरवले. चादरीखाली त्याचं पोट वर-खाली होत होतं. श्वासाने होत होतं, तरी तिला वाटलं की दर श्वासाच्या मध्ये आणखी एक हालचाल आहे, तिला एकटीलाच दिसणारी. हात आपोआप चादरीकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. त्याने ते बघितलं. "लाव की हात," तो म्हणाला, "काय होत नाही." ती म्हणाली, "नको. डॉक्टर रागवतील." आणि तिला रडू आलं, ते तिने डबा आवरण्यात घालवलं.

डॉक्टरीणबाई, रक्षिता त्यांचं नाव, तरण्या, केस वर बांधलेल्या, साडेचारला आल्या. कस्तुराबाईने त्यांना पडद्याबाहेर, जिन्याच्या खिडकीपाशी गाठलं आणि आपल्या निपाणीच्या कन्नडमध्ये, जी ऐकून इथली माणसं हसतात, सगळं सांगून टाकलं. दिवा, तांब्या, दोन वेळा. पहिल्यांदा तीन बोटं, लिंबाएवढं. आठ दिवसांनी चार बोटं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःची बोटं हवेत धरली आणि विचारलं, "इतकं? का इतकं?" तिने त्यांची बोटं जरा फाकवून बरोबर केली. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं, तारखेसकट.

"तुमच्या हातानं हे झालेलं नाही, अज्जी," त्या म्हणाल्या. "दाबायला नको होतं, फुटलं असतं. पण झालं त्यानं नाही. तुम्हाला आमच्या मशीनच्या आधी कळलं होतं. तेव्हाच आणायला हवं होतं एवढंच."

"मग कशानं झालं?"

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. अंगातली ताकद कमी झाली की जंतू कुठेही घर करतात, असं काहीतरी त्या म्हणाल्या, तिच्याकडे न बघता. मग "तुम्ही इथं बसा, मला त्यांच्याशी बोलायचंय," म्हणून पडद्याआड गेल्या.

ती पडद्याबाहेरच्या स्टुलावर बसली. पाय हलके झाले होते. तिचे हात मांडीवर उघडे पडले होते आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा तिला ते आपले वाटत होते. त्या हातांनी हे केलेलं नव्हतं. पडदा म्हणजे नुसतं कापड, आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं, आणि म्हातारीला काय कळतंय असं समजून कोणी आवाजही कमी केला नव्हता. डॉक्टर म्हणत होत्या, आजचा रक्ताचा रिपोर्ट आलाय. तुम्ही गोळी रोज घेत होता म्हणून सांगितलंत. इथं आल्यावर मूत्रपिंडासाठी आम्ही ती थांबवली, पण ते आठ-नऊ दिवस. एवढ्यात विषाणूंचा आकडा इतका वर जात नाही. खरं सांगा, कधीपासून सोडलीय?

मग दयाचा आवाज आला, साडी दाखवताना गिऱ्हाइकाला किंमत सांगावी तसा खालचा, गुळगुळीत.

"अम्मा बंद मेले."

आई आल्यापासून.

मग तो सांगत राहिला. तुटक-तुटक. दीड खोली आहे डॉक्टर, मध्ये पडदा. आईची झोप सावध. वडील नुकते गेलेले. रोज तिला काहीतरी सांगून बाहेर पाठवायचो, मग वाटायला लागलं तिला संशय येईल... बाटली किती वाजते. बायकोला सांगितलं दुकानात घेतो. दुकानात कुठं, तिथं सतरा माणसं. आज नको उद्या घेऊ असं करत... बरंच वाटत होतं डॉक्टर, काही होत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, आईला ठाऊक नाही? तो म्हणाला, "नाही. तिला सोसणार नाही."

कस्तुराबाई स्टुलावर होती तशीच बसून राहिली. समोरून एक ढकलखुर्ची गेली. एक सिस्टर कोणाला तरी "स्वल्प सरी, सरी" म्हणत बाजूला करत होती. कापूस नव्हता. बाटलीत कधीच कापूस नव्हता. खळखळ थांबली ती गोळी थांबली म्हणून, आणि मी पडद्याअलीकडे हसत पडले होते, पोरगा हुशार म्हणत होते. फळीवरच्या गुंडाळीतला कापूस तीन महिने माझ्या वातींपुरताच कमी होत होता. वाती वळताना रोज हातात घेत होते, रोज. बोटाच्या टोकाने पोटातलं सांगणारी बाई, तिला त्यातून दुसऱ्या कोणी चिमूटभरही घेतला नाही हे कळलं नाही.

आत डॉक्टर म्हणाल्या की मूत्रपिंडाचा रिपोर्ट आता बरा आहे. आज रात्रीपासून तोंडाने काही द्यायचं नाही, तेव्हा गोळी आत्ताच घ्यायची, लगेच. मी राउंड संपवून येते तोवर घेतलेली असू दे, आता उद्यावर टाकायचं नाही. पडदा सारून त्या बाहेर आल्या, कस्तुराबाईच्या खांद्याला जाता जाता हात लावला आणि गेल्या. ती आत गेली. दया छताकडे बघत होता. उशीखालून बाटलीचं पांढरं झाकण दिसत होतं. त्याच्या लक्षात आलं तसं त्याने मान जरा सरकवून ते झाकलं.

आता बोलायचं. एवढंच तर म्हणायचं, दया, मला ठाऊक आहे, मार्गशीर्षापासून ठाऊक आहे, घे गोळी. गिरीराजची आई रोज करते तेवढंच करायचं. तिने तोंड उघडलंही. पण त्याआधी तो म्हणाला, "आई, खालून चहा आणतीस काय जरा?"

गेटाची कडी घातली का बघ गं.

"आणते," ती म्हणाली. पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर आली, पडदा नीट ओढून घेतला. आणि पुढे पाऊलच टाकता येईना.

आता सांगितलं तर काय होईल? त्याला कळेल की आईला सगळं ठाऊक होतं. म्हणजे ज्याच्यासाठी त्याने गोळी सोडली, ते कारणच नव्हतं. तीन महिने कोणापासून लपवलं, तर जिला माहीत होतं तिच्यापासून. पोट उघडायच्या आदल्या दिवशी हे त्याच्या हातात द्यायचं? आणि नाही सांगितलं तर तो उद्या आईपासून लपवतच त्या टेबलावर जाईल, आणि कदाचित... ती पुढचं मनात येऊ देत नव्हती, तरी ते येऊन उभं होतं. दोन्हीकडून मीच. सांगितलं तरी मी, नाही सांगितलं तरी मी. पोराची लाज झाकते म्हणत होते. खोटं. त्याने तोंडावर सांगितलं असतं तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावभर तोंड चालवणारी मी, मला भीती वाटली होती की मुलगा समोर बसून रडेल आणि मला काय बोलावं ते सुचणार नाही. म्हणून मी बाटली होती तशी ठेवली. त्याच्यासाठी नव्हे. माझ्यासाठी.

हे एवढं तिला आता कळलं, जिथे कळून काही उपयोग नाही अशा जागी, स्टुलाशेजारी उभी असताना.

आत झाकण फिरल्याचा आवाज झाला. मग खळखळ. तीन महिन्यांनी. तिने डोळे मिटले, गेटाजवळून परत येताना मिटायची तसे, आणि पुढच्या आवाजाची वाट बघायला लागली... पाणी प्यायल्याचा, भांडं ठेवल्याचा. तो आला नाही. खाटेशेजारचा पाण्याचा जग रिकामा होता, आत शिरतानाच तिने बघितला होता. उठायची त्याला बंदी. तिने पिशवी खांद्यावरून काढली तेव्हा पिशवीच्या वजनानेच तिला कळलं. पाण्याची बाटली तिच्यापाशी होती. तो आत तळहातावर गोळी घेऊन पडला होता आणि आई परत यावी याचीही वाट बघत होता, येऊ नये याचीही.

तिने बाटली बाहेर काढली. काठोकाठ भरलेली, अजून कोमट. एका हातात बाटली, दुसरा हात पडद्यावर. पाच बोटं आपोआप जुळली होती, बेंबीवर टेकवायच्या आधी जुळतात तशी. कापडापलीकडे, हातभर अंतरावर, त्याचा श्वास ऐकू येत होता. पहिला शब्द कोणता, तेवढं सुचलं की ती पडदा सारणार होती. शिवलीला सहाला यायची, त्याला अजून वेळ होता. आतून हाक आली नव्हती.